पाच देश, दोन सॅक आणि कुठलं गाइडबुक?

पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील वगळून:

कोल्हापूरची वाचक, वय सत्तावीस, खासगी नोकरी. काही वर्षं पैसे साठवून ती आणि तिची गडहिंग्लजची मावसबहीण येत्या ऑक्टोबरच्या मध्याला मुंबईहून बँकॉकला निघणार आहेत. तिथून बसने कंबोडिया, मग व्हिएतनाम दक्षिणेकडून उत्तरेकडे, मग लाओस, उत्तर थायलंड आणि वर्षअखेरीस मलेशियाच्या पेर्हेंतियन बेटांवर आराम, असा अकरा आठवड्यांचा बेत. जानेवारीच्या सुरुवातीला क्वालालंपूरहून परत. डॉर्ममध्ये राहायचं, बस-रेल्वेने फिरायचं, हात राखून खर्च करायचा. मावसबहीण पक्की शाकाहारी.

"पुस्तकाशिवाय निघायचं धाडस होत नाही," ती लिहिते. "पण कुठलं घेऊ? पाच देशांची पाच पुस्तकं म्हणजे आठ-दहा हजार रुपये आणि तीनेक किलो ओझं. सगळ्या देशांचं मिळून एकच जाडजूड पुस्तक घेतलं तर त्यात प्रत्येक देश उरकलेला असतो म्हणतात. शेजारच्या काकांच्या मुलाने त्याचं २०१२ सालचं तसंच एक पुस्तक फुकट देऊ केलंय. दादा म्हणतो, फोन असताना पुस्तक हवंच कशाला? आई म्हणते, फोन बंद पडला तर? चुकीचं पुस्तक घेतलं आणि सगळी सहलच बिघडली तर, अशी धास्ती बसलीय. तिकडे रस्त्यावर झेरॉक्स केलेली गाइडबुकं स्वस्तात मिळतात म्हणे. तिथे जाऊनच घेऊ का?"

उत्तर:

आधी त्या धास्तीबद्दल. चुकीचं पुस्तक घेतल्याने सहल बिघडत नाही. पुस्तकातलं एखादं पान आपल्यासाठी लिहिलेलंच नसताना त्यावर डोळे झाकून विसंबलं, की मात्र बिघडते. बाजारातली नावाजलेली गाइडबुकं कष्टाने केलेली असतात आणि त्यांच्यातला फरक तुम्हाला वाटतो त्याहून कमी आहे. म्हणून 'कुठलं घेऊ' याच्या आधी, ही पुस्तकं कुणासाठी लिहिली जातात ते बघू या.

१९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं लंडनहून निघालं आणि जमिनीच्या वाटेने आशिया ओलांडत ऑस्ट्रेलियात पोचलं. कसे गेलात, किती खर्च आला, असं जो तो विचारायला लागला, तेव्हा त्यांनी १९७३ मध्ये एक छोटी पुस्तिका काढली. तीच लोनली प्लॅनेट या गाइडबुक-मालिकेची सुरुवात. १९७५ मध्ये त्यांचं आग्नेय आशियाचं पिवळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक आलं. तुम्ही ज्या 'जाडजूड' पुस्तकाबद्दल लिहिता, ते बहुधा त्याचंच आजचं रूप. मार्क एलिंगहॅम यांनी १९८२ मध्ये ग्रीसपासून सुरू केलेल्या रफ गाइड्समध्ये इतिहासाला आणि समाजाला थोडी जास्त जागा असते. दोन्हींचा वाचक मुळात एकच: ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेतून काही महिन्यांसाठी निघालेला तरुण मुलगा किंवा मुलगी. त्याच्या हातात त्याच्या देशाचा पासपोर्ट, खिशात तिथला पगार. त्या वाचकाशी ही पुस्तकं प्रामाणिक आहेत. तुमचा पासपोर्ट भारताचा, साठवलेले पैसे रुपयांत, आणि सोबतीला मासे-मटण न खाणारी बहीण. त्यामुळे कुठलंही पुस्तक घेतलंत तरी त्यातली काही पानं तुमची नसणार. ती कुठली, एवढं ओळखता आलं की निवड सोपी होते.

व्हिसाचं पान त्यात सगळ्यांत वर. व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनसह काही देशांच्या लोकांना व्हिसाशिवाय ४५ दिवस राहायची मुभा दिली. पुस्तकात ते ठळक छापलेलं असेल. तुम्हाला मात्र ई-व्हिसा काढावाच लागेल. त्याच तारखेपासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो आणि एका प्रवेशाची फी २५ डॉलर आहे, पण तो ठरावीक विमानतळांवर आणि ठरावीक सीमानाक्यांवरच चालतो, आणि कुठून आत शिरणार ते अर्जातच लिहायचं असतं. थायलंड आणि मलेशियाचं याच्या उलट. या दोन्ही देशांनी २०२३ च्या शेवटी भारतीयांसाठी दार उघडलं. पुस्तकाच्या मूळ वाचकाला ते आधीपासूनच उघडं होतं, त्यामुळे आपल्यासाठी एवढी मोठी बातमी त्यात एका ओळीचीही नसेल. हे नियम फिरतात. म्हणून व्हिसापुरतं पुस्तक मिटून ठेवा आणि त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर वाचा. थायलंडला १ मे २०२५ पासून येण्याआधी तीन दिवसांत एक डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं. ते फुकट आहे. हुबेहूब सरकारी दिसणारी आणि पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर तिथून बाहेर पडा.

दूतावासांच्या यादीचंही तेच. त्यात बहुतेकदा ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा सापडतील. आपले दूतावास बँकॉक, व्हिएन्तिआन, हनोई आणि नोम पेन्हला आहेत, क्वालालंपूरला उच्चायोग आहे, शिवाय चियांग माई आणि हो ची मिन्ह सिटीत वाणिज्य दूतावास. पत्ते आणि फोन हाताने लिहून घ्या आणि एक प्रत घरी आईजवळ ठेवा.

'बजेट' या शीर्षकाखालच्या रोजच्या खर्चाचे आकडेही जरा थांबून वाचा. त्या आकड्यात संध्याकाळची बिअर आणि अधूनमधून घेतलेली एखादी टूर धरलेली असू शकते. तुमचा खर्च तिथे कमी होईल. पण जिथे दर सगळ्या परदेशी लोकांना एकच असतो, तिथे तुम्हालाही तेवढेच मोजायचेत, आणि रुपयात ते जड जातात. कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांचं तीन दिवसांचं तिकीट ६२ डॉलर आहे, म्हणजे माणशी साडेपाच हजारांच्या आसपास. एका दिवसाचं ३७ डॉलर. पुस्तकातला रोजचा सरासरी आकडा घेऊन दिवसांनी गुणत बसू नका. व्हिसा, मोठी तिकिटं आणि लांबचे प्रवास आधी वेगळे काढा, मग उरलेल्या पैशांना दिवसांनी भागा.

मावसबहिणीच्या खाण्याबद्दल पुस्तकात एखादी चौकट असेल, पण ती अंडं चालणाऱ्या, माशाच्या सॉसकडे काणाडोळा करू शकणाऱ्या शाकाहाऱ्यासाठी लिहिलेली असते. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, चारही ठिकाणी माशाचा सॉस किंवा कोळंबीची पेस्ट नुसत्या भाजीतही असते. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. पहिल्याच हॉस्टेलमधल्या माणसाकडून स्थानिक लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्या: मांस नको, मासे नकोत, माशाचा सॉस नको, कोळंबीची पेस्ट नको. देश बदलला की चिठ्ठी बदला. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं तर तिथे कडक शाकाहारी जेवण मिळतं. व्हिएतनाममध्ये अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे तिथे 'चाय', म्हणजे शाकाहारी, अशी पाटी लावलेल्या खानावळी गावोगाव सापडतात. घरून मेतकूट आणि चटणीची पुडी नेणार असालच. न्या, पण अकरा आठवडे त्यावर निघणार नाहीत.

आता २०१२ चं फुकट पुस्तक. घ्या, नाही म्हणू नका. पण ते घरी बसून वाचायचं, सॅकमध्ये टाकायचं नाही. का, ते नेमकं सांगते. त्यात अंगकोरचं एका दिवसाचं तिकीट २० डॉलर असेल. ते २०१७ मध्ये वाढलं. ते तुम्हाला चियांग माईच्या गाडीसाठी बँकॉकच्या हुआ लाम्फोंग स्टेशनवर पाठवेल. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या नव्या क्रुंग थेप अफिवात स्टेशनातून सुटतात. चियांग खोंगहून लाओसला जायला ते नदीवरची होडी सांगेल. तिथे २०१३ च्या डिसेंबरात पूल झाला आणि आपण त्याच वाटेने जायचं. अंगकोरजवळच्या सिएम रीपचा विमानतळ त्यात गावाला लागून आहे. नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो गावापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. आणि लाओसमध्ये रेल्वे आहे हे त्याला ठाऊकच नाही. डिसेंबर २०२१ पासून व्हिएन्तिआन ते लुआंग प्राबांग हे अंतर आगगाडी दोनेक तासांत कापते. पूर्वी त्यासाठी घाटातल्या बसमध्ये अख्खा दिवस जायचा. त्यावर आखलेला तुमचा सगळा आठवडा चुकीचा ठरला असता.

तरीही वाचा म्हणते, कारण त्यातली निम्मी पानं आजही तितकीच खरी आहेत. अंगकोरच्या देवळांची रचना आणि ती कुठल्या क्रमाने बघावीत. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बायकांनी भिक्षूला स्पर्श करू नये, वस्तूही थेट त्याच्या हातात देऊ नये. कुणाच्या डोक्याला हात लावू नये, पाय मूर्तीकडे करून बसू नये. आपल्याकडच्या माणसाला यातलं बरंचसं समजावून सांगावं लागत नाही, पण भिक्षूंबद्दलचं माहीत नसतं, आणि तुम्ही दोघी मुली आहात. शेवटी असतो ऋतूंचा तक्ता. गाइडबुकातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं पान ते, आणि तुमचा बेत त्याच पानाशी अडतोय.

तुम्ही दक्षिणेकडून व्हिएतनाममध्ये शिरून वर सरकलात तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला होई आन आणि ह्युएच्या पट्ट्यात असाल. आपल्याकडे पाऊस संपलेला असतो म्हणून तिकडेही संपला असेल असं आपण धरून चालतो. मध्य व्हिएतनामचा मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पडतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ही दोन्ही गावं पाण्याखाली होती. पंचगंगेचा २०१९ चा पूर पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. पेर्हेंतियन बेटं मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ आहेत आणि तिथे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारे वाहतात. त्या काळात बहुतेक हॉटेलं बंद असतात, होड्याही भरवशाच्या नसतात. म्हणजे ज्या आरामासाठी शेवटचा आठवडा राखलात, तो तिथे मिळणार नाही.

आणि तिसरं. बँकॉकहून बसने सिएम रीप ही वाट सगळ्या जुन्या पुस्तकांत पहिली म्हणून दिलेली असते. पण २०२५ च्या जूनमध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवरचे नाके बंद झाले, जुलैत लढाई झाली आणि डिसेंबरात पुन्हा. निघायच्या सुमाराला काय स्थिती आहे ते बघा, पण सगळा बेत त्या नाक्यावर टांगू नका.

या तिन्हींवर उपाय एकच आहे: फेरी उलटी करा. बँकॉकहून उत्तरेला चियांग माई. तिथून चियांग खोंगचा पूल ओलांडून हुआय साय, आणि मेकाँगमधून दोन दिवसांची होडी, मधली रात्र पाकबेंगला, दुसऱ्या संध्याकाळी लुआंग प्राबांग. मग आगगाडीने वांग व्हिएंग, व्हिएन्तिआन. तिथून हनोईची बस जवळजवळ एक दिवस खाते, हे मनाशी धरून ठेवा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात हनोईची हवा कोरडी आणि गार असते. एक स्वेटर मात्र हवाच. उत्तरेच्या डोंगरात डिसेंबरात चांगलीच थंडी पडते. मग सावकाश दक्षिणेला या. ह्युएला तेव्हाही पाऊस भेटेल, पण त्याचा जोर ओसरलेला असेल. हो ची मिन्ह सिटीहून बसने बावेतच्या नाक्यावरून कंबोडियात शिरा. तिथे कंबोडियाचा ई-व्हिसा चालतो. डिसेंबरअखेरीस अंगकोर कोरडं असतं, गर्दी मात्र भरपूर. तिथून विमानाने क्वालालंपूर, आणि पेर्हेंतियनऐवजी पश्चिम किनाऱ्यावरचं पेनांग. तिथल्या जॉर्ज टाउनला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि मावसबहिणीसाठी सांगते, तिथल्या तमिळ वस्तीत केळीच्या पानावर पोटभर शाकाहारी जेवण मिळतं.

एक गोष्ट विचारू का? पाचही देश हवेतच का? अकरा आठवड्यांना पाचाने भागलं तर प्रत्येकाला दोन आठवडे येतात, आणि प्रत्येक सीमेला निदान एक दिवस जातो. लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडियाला व्हिसाची फीही पडते. कमी पैशांत फिरायचा सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे कमी सीमा ओलांडणं. मी तुमच्या जागी असते तर मलेशियाला परतीपुरते चार-पाच दिवस ठेवून उरलेले व्हिएतनामला दिले असते. उत्तर-दक्षिण दीड हजार किलोमीटरहून लांब देश दोन आठवड्यांत बसच्या खिडकीतूनच दिसेल. पण हा तुमचा आणि बहिणीचा निर्णय. तुम्ही पाचही ठेवलेत तरी पुढचा सल्ला तोच राहील.

पाच पुस्तकं घेऊ नका. ओझं आणि पैसा तर आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. एका देशाचं पुस्तक त्या देशात खोल शिरतं आणि सीमेवर येऊन थांबतं. पलीकडे उतरल्यावर बस कुठे मिळते, हा नाका सोयीचा की दोनशे किलोमीटरवरचा, लाओस आधी करावं की व्हिएतनाम, हे त्यात फारसं नसतं. अनेक देशांच्या एकत्रित पुस्तकात नेमके हे सांधे नीट जोडलेले असतात, आणि अनेक देशांच्या प्रवासात माणूस अडकतो तो सांध्यांवर. त्यात प्रत्येक देश उरकलेला असतो ही तक्रार खरी आहे. लहान गावं गळतात, एका शहरातली चारच हॉस्टेलं दिलेली असतात. पण दोन आठवड्यांत तुम्ही ती लहान गावं गाठणार नाही, आणि हॉस्टेल पुस्तकात बघून ठरवायचे दिवस गेले. म्हणून एकत्रित पुस्तक, एकच, आणि मिळेल ती सर्वांत नवी आवृत्ती. व्हिएतनामला महिना देणार असाल तर तेवढ्या एका देशाचं वेगळं ई-पुस्तक फोनमध्ये घ्या. बाकी देशांसाठी विकिव्हॉयेजवर फुकट आणि बऱ्यापैकी ताजी माहिती मिळते, रेल्वेसाठी सीट सिक्स्टी-वन हे संकेतस्थळ पुस्तकांहून कितीतरी नेमकं आहे.

नवी आवृत्ती ओळखताना मुखपृष्ठावर जाऊ नका, आतल्या पानावरचं साल बघा. लेखक तिथे फिरल्यापासून पुस्तक दुकानात येईपर्यंत वर्षभर सहज जातं. त्यातून एकत्रित पुस्तक पुष्कळदा त्याच प्रकाशनाच्या एकेका देशाच्या पुस्तकांतून निवडून बनवलेलं असतं, म्हणजे एखाद्या देशाची माहिती आणखी जुनी असू शकते. २०२० ते २०२२ मध्ये छापलेलं असेल तर जास्त सावध राहा. तेव्हा सीमा बंद होत्या, त्यामुळे आतला मजकूर बहुधा कोरोनाच्या आधीचा.

लोनली प्लॅनेट की रफ गाइड, हे ठरेना तर एक युक्ती करा. दोन्ही मालिकांची भारतावरची पुस्तकं आहेत. ती ग्रंथालयात मिळतात का बघा, नाहीतर ई-पुस्तकाचं नमुना-प्रकरण उतरवून घ्या, आणि कोल्हापूर शोधा. कोल्हापूर नसेलच तर पुणे किंवा सातारा काढा. अंबाबाईच्या देवळाबद्दल काय लिहिलंय? दर्शनाची वेळ, रांग, चपला कुठे ठेवायच्या, हे आहे का? तालमींचा उल्लेख आहे का? मिसळीबद्दल काय सांगतात, की जेवायला फक्त हॉटेलातली एसी रेस्टॉरंटं सुचवलीत? सेंट्रल बस स्टँड आणि स्टेशनातलं अंतर, पन्हाळ्याची एसटी, हे बरोबर आहे का? आपल्या गावाबद्दल पुस्तक किती खरं बोलतं, काय त्याच्या नजरेतून सुटतं, हे तुम्हाला दोन पानांत कळेल. ज्या मालिकेची नजर पटेल तिचं पुस्तक घ्या. माझा कल विचाराल तर, बसमधल्या लांबच्या तासांत वाचायला रफ गाइडचा इतिहासाचा भाग मला आवडतो, आणि नाका ओलांडताना हातात लोनली प्लॅनेटचा नकाशा बरा वाटतो. दोन्हींत नवं साल ज्याचं, ते जिंकलं.

आता दादा आणि आई. दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या कामांसाठी. आजचा बसचा दर, आजची खाट, आजची सीमा उघडी की बंद, हे फोनच सांगेल. पण कुठे जायचं हेच माहीत नसेल तर फोनला विचारायचं काय? सगळा प्रदेश एकदम डोळ्यांसमोर आणायचं काम पुस्तक करतं, आणि ते निघण्याआधी होतं. त्यामुळे पुस्तक आत्ताच घ्या, ऑक्टोबरात नको. पेन्सिलीने खुणा करत दोघींनी मिळून वाचा. फोनवर पाचही देशांचे नकाशे आधीच उतरवून ठेवा म्हणजे नेटशिवाय चालतील. पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याची कागदी प्रत दोघींच्या सॅकमध्ये वेगवेगळी ठेवा. आईला हे सगळं मांडून दाखवा. तिला काळजी फोनची आहे, तशी तुमचीही आहे.

वजनाचं म्हणाल तर एकत्रित पुस्तक पाऊण किलोच्या आसपास भरतं आणि त्यातले निम्म्याहून जास्त देश तुमच्या वाटेवर नाहीत. इंडोनेशिया, फिलिपिन्स, ब्रुनेई पाठीवर वाहायचं कारण नाही. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपली माणसं, फाडायचं म्हटल्यावर हात थबकतो. तरी सांगते, बाइंडिंगच्या दुकानात न्या, पाठ उकलून घ्या आणि हवे ते देश सुटे करून साधी स्पायरल किंवा टाचणी मारून घ्या. नको असलेला भाग घरी नीट ठेवा, पुढच्या खेपेला लागेल. एक देश संपला की त्याची पानं हॉस्टेलच्या पुस्तकांच्या फळीवर सोडा, समोरून येणाऱ्याला उपयोगी पडतील. पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड चालणार असालच, तर ऑक्टोबरला नेणार ती सॅक भरून घेऊन जा. काय काय काढून टाकायचं ते संध्याकाळपर्यंत कळेल.

एका पानाबद्दल मला खरंच काळजी वाटते: स्कूटर भाड्याने घ्या, असं सांगणारं. कोल्हापूरच्या मुली गाडीवरच मोठ्या होतात, त्यामुळे त्यात काय, असं वाटेल. आपल्याकडचं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या करारानुसार मिळतं आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातलं मानतं. म्हणजे आपला परवाना तिथे वैध नाही. भाड्याने देणारा कदाचित विचारणारही नाही, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. उत्तर व्हिएतनाममधल्या 'हा ज्यांग' भागातल्या डोंगरवाटा बघायच्याच असतील तर स्थानिक चालकाच्या मागे बसून जा. पैसे जास्त पडतील, ते पडू देत. थायलंडमध्ये आपला परवाना चालतो. चालवणार असाल तर निघण्याआधी आरटीओतून काढा आणि हेल्मेट सोडू नका.

आणि एक शंभर पानी वही घ्या. पुस्तकात नसलेली तुमची पानं त्यात: व्हिसाच्या तारखा आणि नाके, आपल्या दूतावासांचे फोन, खाण्याच्या चिठ्ठ्या, विम्याचा नंबर, रोजचा खर्च रुपयांत. व्हिसाच्या फीसाठी थोडे डॉलर न्या आणि ते कोरे न्या; कंबोडियात किंचित फाटलेली नोटही परत करतात. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने उरतेय ना, आणि कोरी पानं शिल्लक आहेत ना, ते आजच बघा. नवीन काढायचा झाला तर वेळ हवा.

दुसऱ्या कुठे निघालेल्या वाचकांसाठी थोडं. युरोपात बऱ्याच देशांत फिरायचं असेल तर शेंगेनचे २९ देश एकाच व्हिसावर होतात. तिथे सांधे सोपे आणि राहणं महाग, म्हणून गाइडबुकापेक्षा आधी खोल्या आणि रेल्वेची तिकिटं बघा. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, भूतानला परवाना लागतो आणि भारतीयांना रात्रीमागे १२०० रुपये शुल्क आहे. तिथे परदेशी माणसासाठी लिहिलेले खर्चाचे आकडे आपल्या कामाचेच नाहीत. मध्य आशियासारख्या कमी लिहिल्या गेलेल्या भागात निघालात तर ब्रॅड्ट या प्रकाशनाची एकेका देशाची पुस्तकं बघा. त्या भागात जुनं पुस्तकही काहीच नसण्याहून बरं.

राहिली रस्त्यावरची झेरॉक्स पुस्तकं. घेऊ नका. नकाशे काळे पडलेले असतात, मधली पानं गळलेली असतात, आणि मुखपृष्ठ नव्या आवृत्तीचं लावून आत जुनी बांधलेली असू शकते. शिवाय ज्याने उन्हात फिरून ते लिहिलं त्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे बँकॉकला उतरल्यावर घेतलेलं पुस्तक उशिराचं असेल. तुम्हाला ते आत्ता हवंय, ऋतूंचा तक्ता समोर ठेवून फेरी उलटी करायची की नाही हे बहिणीबरोबर बसून ठरवायला. व्हिएतनामच्या अर्जात कुठला नाका लिहायचा, तेही त्यावरच ठरेल.